तबकडी आणि टेकडी

इंदूरहून महूकडे जाताना राऊ ओलांडलं की ट्रकांची रांग लागते. त्यातले बरेचसे पीथमपूरला वळतात. धार जिल्ह्यातली ही औद्योगिक वसाहत ऐंशीच्या दशकात वाढली. आज तिथे गाड्या, टायर, औषधं असं काय काय बनतं, आणि 2021 पासून गाड्यांची कसोटी घेणारी 11.3 किलोमीटरची लंबगोल धावपट्टीही आहे. याच वाटेवर, ट्रकांच्या धुळीपासून फार लांब नाही अशा पिगडंबर गावात, सुमन चौरसिया यांनी ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय उभं केलं आहे. 2008 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाला लता दीनानाथ मंगेशकर यांचं नाव आहे. लताबाईंची साडेसात हजारांवर गाणी इथे जमा आहेत, तीही बत्तीस देशी-विदेशी भाषांतली. ज्या बाईचा जन्म 28 सप्टेंबर 1929 रोजी इथून जवळच, इंदूरच्या सिख मोहल्ल्यात झाला, तिचा आवाज असा गाडी बनवणाऱ्या गावाच्या वाटेवर मुक्कामाला आहे.

दिवाळीच्या फराळाला चार रसिक जमले की एक प्रश्न हमखास निघतो. लहानपणी कोणत्या रेकॉर्डनं तुमचा कान तयार केला? पुण्या-मुंबईत याची उत्तरं बरीचशी ठरलेली असतात. गीतरामायण, भीमसेनांची अभंगवाणी, ‘कट्यार काळजात घुसली’तली पदं, लता-हृदयनाथांनी केलेली ज्ञानेश्वरांची गाणी. माळव्यातल्या मराठी घरात ही नावं येतातच, पण त्यांच्या शेजारी अमीर खां येतात, कबीर येतो, बिनाका गीतमाला येते, महूच्या बाजूला भीमगीतं येतात. आणि देवासकडे सरकावं तसं एक नाव इतकं मोठं होत जातं की बाकीची त्याच्या आडोशाला जातात. गंमत अशी की त्या कुमार गंधर्वांचा स्वतःचा कान तबकड्यांवरच तयार झाला होता, आणि पुढे त्यांनी जे गाणं उभं केलं त्याचं मूळ कोणत्याच तबकडीवर नव्हतं. माळव्याच्या ऐकण्याची गोष्ट इथूनच सुरू करावी लागते.

बेळगावजवळच्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हा मुलगा वयाच्या सहा-सात वर्षांपर्यंत गाण्यात काही विशेष रस दाखवत नव्हता. वडील गाणारे होते, घरात गाणं होतं, तो ऐकत असे. मग एक दिवस गायला लागला तो थेट रेकॉर्डसारखा. वझेबुवा, अब्दुल करीम खां, फैयाज खां; ज्याची तबकडी ऐकावी त्याचा लगाव, त्याची लकब, तानेचं वळण, सगळं हुबेहूब. मठाच्या स्वामींनी ‘कुमार गंधर्व’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. पुढची काही वर्षं हा मुलगा गावोगावच्या जलशांतून मोठमोठ्या गवयांची गाणी त्यांच्याच ढंगात गात हिंडला. 1936च्या सुमारास मुंबईच्या जिना हॉलमध्ये त्यानं भल्याभल्यांना तोंडात बोट घालायला लावलं.

हे शक्य झालं याचं एक कारण प्रतिभा आणि दुसरं कारण तबकडीचा आकार. दहा इंची, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या त्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावत असे. एरवी तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तेवढ्यात आलाप, बंदिश, बोलताना, ताना असं सगळं बसवून ‘सम’ गाठावी लागे. जमलं तर ते अत्तर, नाहीतर नुसती घाई. केसरबाई केरकरांची भैरवी या साच्यात अशी बसली की 1977 मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीत भारतातून तेवढी एकच चीज निवडली गेली. लांबी साडेतीन मिनिटं. ज्या लाखेपासून या तबकड्या बनत, ती लाखही बव्हंशी आपल्याच रानांतून जगभर जात असे. असो. मुद्दा असा, की साडेतीन मिनिटांचं घट्ट गाणं तल्लख मुलाला पाठ होऊ शकतं. तासाभराचं होत नाही.

पाठ झालेल्या गाण्याचा फास असतो. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या देवधर मास्तरांच्या शाळेत दहा-अकरा वर्षं राहून कुमारांनी तो सोडवायला घेतला. प्रो. बी. आर. देवधर घराण्याचा हट्ट धरणारे नव्हते. शिष्यांनी सगळ्यांचं ऐकावं, सगळ्यांची कारणं शोधावीत, हा त्यांचा खाक्या. कुमार तिथे शिकले आणि शिकवूही लागले. 1947 मध्ये त्याच शाळेतल्या भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं.

*

मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेच्या गावी जायचं ठरलं. देवास निवडलं गेलं, कारण तिथे आणि इंदुरात जिवाभावाची माणसं होती. रजब अली खांचे शिष्य आणि पेशानं इंजिनिअर असलेले कृष्णराव मुजुमदार म्हणजे मामासाहेब, इंदूरचे रसिकराज रामूभैया दाते. कुमार देवासला पोचले तो दिवस 30 जानेवारी 1948, गांधीजींच्या हत्येचा. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीनं एक नवी तबकडी लोकांपुढे ठेवली. बारा इंची, मिनिटाला 33⅓ फेरे, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त गाणं. जिला जग पुढे ‘एलपी’ म्हणणार होतं ती वस्तू आणि तिच्यावर पुढे ज्याचं गाणं घरोघर जाणार होतं तो गवई, दोघांचं नवं आयुष्य एकाच वर्षी सुरू झालं. फक्त गवयाला त्या वर्षी गायची बंदी होती.

देवास हे तेव्हा विचित्र गाव होतं. पवारांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी; एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून इथे राहिला आणि त्यानं गोकुळाष्टमीच्या उत्सवातल्या भजनांच्या कल्लोळाचं भरभरून, थोडं वैतागून, वर्णन करून ठेवलं. ते ‘द हिल ऑफ देवी’ या त्याच्या 1953च्या पुस्तकात आहे. टेकडीवरच्या देवीवरूनच पुस्तकाला नाव मिळालं. दरबारात मराठी, बाजारात माळवी, आणि गाण्यात रजब अली खांसारखा दरारा असलेला उस्ताद. इंदूरला होळकर, धारला आणि देवासला पवार, उज्जैनवर शिंदे, अशी सत्ता असल्यानं माळव्यात मराठी घरं दीड-दोनशे वर्षं रुजलेली होती. भा. रा. तांबे याच मुलखातले. जन्म मुंगावलीचा, शिक्षण काही काळ देवासला, नोकऱ्या मध्य भारतातल्या संस्थानांत. मराठी भावकवितेला गेयतेचं वळण देणारा कवी महाराष्ट्राबाहेर वाढला, ही गोष्ट महाराष्ट्र फारशी बोलत नाही.

या गावात कुमार पाच-सहा वर्षं अंथरुणावर होते. एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेलं. नव्यानेच मिळू लागलेल्या स्ट्रेप्टोमायसिननं जीव वाचवला. भानुमतींनी शाळेत नोकरी करून घर चालवलं आणि शुश्रूषा केली. गाता येत नव्हतं, म्हणून लहानपणीसारखंच ऐकणं सुरू झालं. पण या वेळी कानावर येत होतं त्याची कुणी तबकडी काढली नव्हती. जात्यावर, लग्नात, सणावारी गाणाऱ्या माळवी बायका. एकतारी घेऊन दारावरून जाणारे नाथपंथी जोगी. टेकडीच्या पायथ्याशी भरणाऱ्या बाजाराची वर्दळ. या गाण्यांना साडेतीन मिनिटांची अट नव्हती, सम दाखवायची घाई नव्हती, वन्समोअर नव्हता. चारपाच स्वरांत सगळा मामला, आणि तरी त्यांत एक पूर्ण रागरूप दडलेलं असे. कुमारांनी शेकड्यांनी माळवी गीतं मिळवली, स्वरलिपीत उतरवली, आणि त्यांच्या पोटातून नवे राग काढले. ते त्यांना ‘धुनउगम’ म्हणत. मालवती, लगनगंधार, संजारी, मधसूरजा, अहिमोहिनी ही त्यांतली काही. 1965 मध्ये ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा आणि रागांचा ग्रंथ आला.

रोगातून उठल्यावर 1953च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत आले तेव्हा जुन्या ऐकणाऱ्यांना धक्का बसला. लांब दमसास संपला होता. त्याच्या जागी छोटी, नेमकी, कधी एकदम तळपून विझणारी स्वरवाक्यं आली. ज्या मुलाची कीर्ती दुसऱ्यांची हुबेहूब नक्कल करण्यात होती त्याचं गाणं आता कुणाला नक्कल करता येईना. करणारे पुष्कळ झाले. त्यांच्याकडून त्यातला झटका तेवढा उचलला गेला, त्यामागची शांतता राहिली.

*

कुमारांच्या एलपी साठ आणि सत्तरच्या दशकात घरोघर गेल्या, आणि त्यांतल्या काहींनी एका पिढीचा कान फिरवला. बालगंधर्वांना केलेला मुजरा म्हणजे ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यात नाट्यपदांची नक्कल नाही. बालगंधर्वांच्या गाण्यात आपल्याला काय सापडलं, हे गाऊन सांगितलेलं आहे. नारायणरावांच्या जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या ज्यांना पाठ होत्या असे बुजुर्ग यावर चिडले, आणि त्यांच्याच घरातली पोरं ही एलपी वाजवत बसली. एकाच पदाच्या दोन तबकड्या एकाच कपाटात, आणि त्यांवरून बाप-लेकात वाद! अभिरुची घडते ती अशा वादातच, असं या लेखकाचं ठाम मत आहे. नुसत्या पूजेत ती सडते. ‘तांबे गीत रजनी’त देवासच्या गवयानं देवासला शिकलेल्या कवीच्या कविता गायल्या. वसंत प्रभू आणि हृदयनाथांच्या चालींतून लताबाईंचा तांबे आधीच ओळखीचा झाला होता. कुमारांचा तांबे त्याहून कोरडा, कडक, विचार करणारा होता.

‘त्रिवेणी’त कबीर, सूर आणि मीरा एकत्र आले. पण खरी उलथापालथ केली ती निर्गुणी भजनांनी. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे नाथयोगी तिथे राहिले, आणि त्या परंपरेतली भजनं गावात टिकून होती. कुमारांना तिथून आणि फिरस्त्या जोग्यांच्या तोंडून पदं मिळाली, चालीचा धागा मिळाला, आणि मुख्य म्हणजे आवाज कसा टाकायचा, हे मिळालं. मराठी घरातलं भजन तोवर टाळ-मृदंगाचं, भरलेलं, माणसांनी गजबजलेलं होतं. इथे तंबोरे, मोकळी जागा आणि एक फेकलेला स्वर. स्टॅनफर्डच्या अभ्यासक लिंडा हेस यांनी 2009 मध्ये ‘सिंगिंग एम्प्टिनेस’ या नावाचं पुस्तकच कुमारांच्या कबीरावर लिहिलं. सत्तरच्या दशकात वाढलेल्या कितीतरी मराठी मुलांनी ख्याल ऐकायच्या आधी ही भजनं ऐकली आणि मग त्यांच्यामागून ख्यालापर्यंत आली. रस्ता उलटा होता, पण पोचवणारा होता.

याच काळातली एक छोटी तबकडी वेगळ्या कारणासाठी सांगायला हवी. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ नाटकासाठी वसंत देसाईंनी कुमारांकडून गाऊन घेतलं. त्यातलं ‘ऋणानुबंधाच्या’ हे युगुलगीत त्यांच्याबरोबर गायली ती वाणी जयराम, तमिळ घरातली, मुंबईत बँकेत नोकरी करणारी मुलगी. तिचं नाव सगळीकडे झालं ते नंतर, देसाईंच्याच 1971च्या ‘गुड्डी’मुळे. बेळगावकडचा कानडी गवई, देवासचा मुक्काम, तमिळ गायिका, सावंतवाडीकडचे संगीतकार आणि मराठी नाटक. शुद्ध मराठी बाण्याची यादी करणाऱ्यांनी ही तबकडी कोणत्या रकान्यात घालायची?

*

इंदूरचा दुसरा ध्रुव म्हणजे उस्ताद अमीर खां. वडील शाहमीर खां होळकर दरबाराशी संबंधित सारंगिये. त्यांच्या घरी बड्या बड्या गवयांची ऊठबस. अमीर खांनी कुणा एकाची रीतसर गंडाबंद तालीम घेतली असं नाही. वडिलांकडून स्वरसाधना घेतली, आणि देवासच्या रजब अली खांच्या ताना, अब्दुल वहीद खांची सावकाश बढत, अमान अली खांची सरगम हे सगळं ऐकून ऐकून स्वतःत मुरवलं. इंदूर घराणं म्हणतात ते असं कानानं तयार झालं.

1960च्या सुमारास एचएमव्हीनं त्यांची एक एलपी काढली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. पुढे मेघ आणि ललतची आली. हयातीत त्यांच्या एलपी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. 13 फेब्रुवारी 1974 रोजी कोलकात्यात मोटार अपघातात ते गेले. पण मारवा-दरबारीनं जे केलं ते पन्नास मैफलींना जमत नाही. झुमऱ्यासारखा संथ ताल, षड्जाला टाळत टाळत त्याच्याभोवती फिरणारा मारवा, एकेक स्वर सावकाश उलगडणारा खर्जातला आवाज. 78च्या तबकडीवर हे गाणं शक्यच नव्हतं. साडेतीन मिनिटांत अमीर खां पहिल्या समेवरून जेमतेम उठले असते. त्यांच्या गायकीला एलपीची वाट पाहावी लागली, आणि एलपीलाही अशा गायकीची. विलायत खां, निखिल बॅनर्जी यांच्यासारखे वादकही या आलापीकडे कान लावून होते. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी ही तबकडी लागलेल्या घरात पोरांना गप्प बसवावं लागत नसे असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. बहुतेक पोरांना मारवा कंटाळवाणाच वाटतो. तो वीस वर्षांनी परत येतो.

सामान्य माणसानं अमीर खां ऐकले ते सिनेमातून. 1952च्या ‘बैजू बावरा’त द. वि. पलुस्करांबरोबरची जुगलबंदी, 1955च्या ‘झनक झनक पायल बाजे’चं शीर्षकगीत, 1959च्या ‘गूंज उठी शहनाई’त बिस्मिल्लांबरोबरची रागमाला. यांतल्या दोन चित्रपटांचं संगीत पुन्हा वसंत देसाईंचं.

तबकड्या विकत घेणं सगळ्यांना परवडत नव्हतंच. रेडिओ हाच खरा संग्रह होता. आकाशवाणीचं इंदूर केंद्र 1955 मध्ये सुरू झालं. तेव्हा माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते बा. वि. केसकर. सिनेसंगीतानं अभिरुची बिघडते या त्यांच्या खात्रीमुळे आकाशवाणीवर फिल्मी गाणी जवळजवळ बंद झाली, आणि अख्खा देश 1952 पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकू लागला. केसकरांना जी अभिरुची वाचवायची होती तिची घडण कोलंबोहून झाली. 1957 मध्ये विविध भारती आली ती या फटक्यानंतरच. तरी केसकरांच्या खात्यावर एक जमेची बाजू आहे. प्रादेशिक केंद्रांवर शास्त्रीय आणि सुगम गायकांना काम मिळालं. इंदूर केंद्रावर गाऊ लागलेल्या तरुणांत रामूभैया दात्यांचा मुलगा अरविंद होता. पु. ल. देशपांड्यांनी ‘गणगोत’मध्ये ज्यांचं चित्र रेखाटलं ते हे रामूभैया. त्यांच्या घरी कुमार, वसंतराव, बेगम अख्तर यांची बैठक सहज व्हायची. अरविंद मुंबईला वस्त्रोद्योगाचं इंजिनिअरिंग शिकला, कुमारांकडे गाणं शिकला, उर्दू गझलेवर जीव टाकून होता. हाच मुलगा अरुण दाते म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला तो 1962-63च्या ‘शुक्रतारा’मुळे; शब्द पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, सोबत सुधा मल्होत्रा. मराठी भावगीतात तोवर नव्हता असा गझलेचा हळवा, ओठांतल्या ओठांत बोलल्यासारखा उच्चार त्या आवाजात होता. तो इंदूरच्या बैठकीतून आला. पुढे महाराष्ट्रात प्रत्येक लग्नाळू मुलाच्या संग्रहात ही तबकडी, मग कॅसेट असायचीच.

*

पीथमपूर या गोष्टीत येतं ते कॅसेटबरोबर. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक होंडाचा आणि बजाज टेंपोचा कारखाना इथे आला, आयशरही आली. पुण्या-चिंचवडहून इंजिनिअर, फोरमन, हिशेबनीस मराठी कुटुंबं घेऊन इंदूर, राऊ, महूच्या बाजूला राहायला आली. संस्थानी काळापासूनचे इंदूरकर आणि हे नवे पुणेकर, दोघांची मराठी वेगळी, दोघांचा कपाटातला खजिना वेगळा. नव्यांबरोबर पुलंच्या कथाकथनाच्या कॅसेट आल्या, पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या मैफलींच्या कॅसेट आल्या. सणाच्या सुट्टीत पुण्याला गेलेला माणूस परतताना दोन गोष्टी हमखास आणत असे, बाकरवडी आणि कॅसेट. बाकरवडी आठवडाभर टिकायची.

कॅसेटनं रेकॉर्ड कंपन्यांची मक्तेदारी मोडली. ही कथा सगळ्या देशाची आहे. दुकानदाराला कागदावर गाण्यांची यादी द्यायची आणि आठवड्यानं कॅसेट ‘भरून’ न्यायची, हा कायद्याबाहेरचा पण सर्वमान्य उद्योग गल्लोगल्ली होता. यातून प्रत्येकाची स्वतःची तबकडी तयार झाली. आणि ज्यांच्या घरी टेपरेकॉर्डरही नव्हता त्यांची अभिरुची घडवली ड्रायव्हरनं. पीथमपुरात बनणारी बजाज टेंपोची ‘ट्रॅक्स’ नव्वदच्या दशकात माळवा-निमाडच्या रस्त्यांवर दहाची जागा असताना वीस माणसं घेऊन धावत असे, आणि तिच्या कॅसेट प्लेअरमध्ये जे लागेल तेच सगळ्यांनी ऐकायचं. कुमार सानू-अलका याज्ञिकची गाणी, खंडव्याचा म्हणून किशोरकुमार, मध्येच देवीची भजनं. संगीतसमीक्षेत या ड्रायव्हरांची दखल कुणी घेतलेली नाही. ती घ्यायला हवी.

पीथमपूरहून जवळच महू. डॉ. आंबेडकरांचा जन्म तिथे 14 एप्रिल 1891 रोजी झाला. दरवर्षी त्या तारखेला महाराष्ट्रातून माणसांचे लोंढे येतात, आणि त्यांच्याबरोबर गाणं येतं. वामनदादा कर्डकांचे शब्द, प्रल्हाद शिंद्यांचा खडा आवाज, विठ्ठल उमपांचा शाहिरी बाज. स्मारकाभोवतीच्या दुकानांत पुस्तकं, बिल्ले, तसबिरी यांच्या जोडीला कॅसेटचे, नंतर सीडींचे ढीग असत. इथल्या मुलाचा कान मराठी शब्दाशी बांधला गेला असेल तर तो बऱ्याचदा या गाण्यांनी, देवासच्या मैफलीनं नव्हे. आणि प्रल्हाद शिंदे तर विठ्ठलाची गाणीही तितक्याच ताकदीनं गात; पंढरीला जाणाऱ्या आणि दीक्षाभूमीला जाणाऱ्या, दोन्ही एसट्यांत तोच आवाज. ‘अभिरुची घडवणाऱ्या ध्वनिमुद्रिका’ अशा याद्यांत त्यांचं नाव क्वचित दिसतं. याद्या करणाऱ्यांच्या घरी ती कॅसेट नव्हती, एवढाच याचा अर्थ.

देवासला कॅसेटनं आणखी एक गंमत केली. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया हे शाळामास्तर तंबुऱ्यावर माळवी कबीर गात. नव्वदच्या दशकात त्यांच्या कॅसेट बाजारात आल्या आणि माळव्याच्या चहाच्या टपऱ्यांवर, ट्रॅक्टरवर, एसटीसारख्या लाल नसलेल्या तिथल्या खाजगी बसमध्ये कबीर वाजू लागला. ‘एकलव्य’ या शिक्षणसंस्थेनं 1991 पासून काही वर्षं देवासला कबीर भजन एवं विचार मंच चालवला. खेड्यापाड्यांतल्या भजनमंडळ्या दर महिन्याला जमून रात्रभर गायच्या आणि गायलेल्याच्या अर्थावर भांडायच्या. टिपानियांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2019 मध्ये ते देवासमधून लोकसभेलाही उभे राहिले, हरले. ज्या गाण्यापासून कुमारांनी घेतलं, ते गाणं असं पस्तीस-चाळीस वर्षांनी स्वतःची कॅसेट घेऊन बाजारात उभं राहिलं. कुमारांचा कबीर एकट्याचा आहे, टिपानियांचा मंडळीचा. एकीकडे तंबोऱ्यांचा षड्ज, दुसरीकडे ढोलक, मंजिरी आणि मध्येच थांबून गद्यात समजावून सांगणं. मराठी रसिक पहिल्यावर फिदा असतो आणि दुसऱ्याला ‘लोकसंगीत’ म्हणून बाजूला ठेवतो. कुमारांनी स्वतः तसं केलं नव्हतं.

कुमार 12 जानेवारी 1992 रोजी देवासला गेले. टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ हे त्यांचं घर आहे. मुलगी कलापिनी कोमकली आणि नातू भुवनेश कोमकली यांनी त्यांचं गाणं पुढे चालवलं आहे. 2024 मध्ये कुमारांची जन्मशताब्दी ठिकठिकाणी साजरी झाली. इंदूरला ‘सानंद’सारखी संस्था मराठी नाटकं आणि मैफली भरवत असते, आणि तिथला प्रेक्षक पुण्याहून आलेल्या गवयाला आजही जरा तपासूनच दाद देतो.

धार आणि झाबुआच्या बाजूनं पीथमपुरात कामाला येणाऱ्या भिल्ल पोरांच्या मोबाइलमध्ये मात्र आज वेगळंच गाणं असतं. ‘टिमली’ म्हणतात त्याला. ढोल, की-बोर्ड, भिली शब्द, आणि थांबूच नये अशी चाल. गावच्या छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित होऊन ते थेट यूट्यूबवर चढतं. ना कव्हर, ना पहिली बाजू, ना दुसरी. होळीआधी भगोरियाचे बाजार भरले की त्यावर अख्खं गाव नाचतं. नंदुरबार-शहाद्याकडच्या मराठी माणसाला टिमली ओळखीची आहे, लग्नाच्या वरातीत तो तिच्यावर नाचलेलाही असतो. इंदूर-देवासच्या मराठी कपाटांत ती अजून पोचलेली नाही.